अर्नेस्ट बेव्हिन आणि त्याचे चरित्रकार

चरित्रग्रंथ परीक्षणासाठीं हातीं घेतला म्हणजे टीकाकारानें स्वतःस दोन प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें. चरित्रनायक त्या ग्रंथांत जसा होता तसा उभा राहिला आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि त्याच्या उभें राहण्यानें दुसरें कोणी झांकलें गेलें आहे काय, हा दुसरा. कवीच्या किंवा शास्त्रज्ञाच्या चरित्रांत दुसऱ्या प्रश्नाचें फारसें अगत्य नसतें. कवीची कविता त्याची एकट्याची असते. ती दुसऱ्या कोणीं दिलेलें मुखत्यारपत्र नव्हे. कामगारपुढाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचें सामर्थ्य ठेवीसारखें असतें. हजारों माणसें आपल्या मजुरींतून वर्गणीचे पैसे बाजूस काढतात, प्रसंगीं मुलाबाळांची भूक पत्करून काम बंद ठेवतात, आणि आपल्या वतीनें बोलण्याचा अधिकार एका माणसाच्या स्वाधीन करतात. ती ठेव त्यानें कशी सांभाळली हें ज्या चरित्रांत कळत नाहीं, तें चरित्र कितीही सुंदर असलें तरी अपुरेंच होय.

अर्नेस्ट बेव्हिनचें जें चरित्र ॲलन बुलक (१९१४–२००४) यांनीं तीन खंडांत लिहिलें, त्याचा विचार करतांना हा दुसरा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. बुलक यांचें नांव हिटलरच्या चरित्रामुळें १९५२ पासूनच इतिहासाच्या वाचकांस परिचित होतें. बेव्हिनचरित्राचा पहिला खंड १९६० मध्यें, दुसरा १९६७ मध्यें व तिसरा १९८३ मध्यें प्रसिद्ध झाला. पहिल्यांत कामगारपुढारी, दुसऱ्यांत युद्धकाळांतील मजूरमंत्री आणि तिसऱ्यांत परराष्ट्रमंत्री अशा तीन रूपांनीं बेव्हिन आपल्यापुढें येतो. या विषयावर पुढेंही पुस्तकें निघालीं. त्यांतील अँड्रू अडोनिस यांचें १९२० सालच्या बेव्हिनइतकेंच आवेशी असलेलें पुस्तक २०२० मधलें आहे. तथापि बुलक यांच्या ग्रंथाचें स्थान अद्याप कोणीं हिरावून घेतलेलें नाहीं. येथें आम्ही मुख्यतः पहिल्या खंडाचा विचार करणार आहोंत. कारण पुढील दोन खंडांतील मंत्री हा त्या पहिल्या खंडांतील सरचिटणीसाच्याच मुशींतून बाहेर पडला आहे.

बेव्हिनचा जन्म १८८१ च्या मार्च महिन्यांत सॉमरसेट परगण्यांतील विन्सफर्ड या खेड्यांत झाला. बाप कोण हें नोंदीस नाहीं. आई मोलमजुरी करून मुलांचें पोट भरी. तीही १८८९ मध्यें वारली, तेव्हां मुलगा आठ वर्षांचा होता. सावत्र बहिणीच्या घरीं डेव्हन परगण्यांत तो वाढला. अकराव्या वर्षीं शाळा सुटली व शेतावरील चाकरी नशिबीं आली. तेथून तो ब्रिस्टल शहरीं आला. भटारखान्यांत आणि अशाच किरकोळ नोकऱ्यांत कांहीं वर्षें काढल्यावर घोड्याच्या गाडींतून सोडा-लिंबूच्या बाटल्या पोंचविण्याचें काम त्यानें पत्करलें. बाप्टिस्ट पंथाच्या प्रार्थनामंदिरांत तो प्रवचनें करी, व त्याच्या वक्तृत्वाची पहिली शाळा तीच. हा सर्व भाग बुलक यांनीं थोडक्यांत पण मोठ्या संयमानें सांगितला आहे. अनाथपणाचें भांडवल करून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा मोह त्यांनीं टाळला, याबद्दल त्यांचें अभिनंदन केलें पाहिजे. बेव्हिन स्वतः आपल्या बालपणाविषयीं फारसें बोलत नसे. चरित्रकारानें त्याच्या त्या मौनाचा मान राखला आहे.

१९०८ मध्यें ब्रिस्टलांत बेकारी वाढली असतां बेव्हिननें बेकारांची एक रांग रविवारच्या प्रार्थनेच्या वेळीं शहराच्या मुख्य देवालयांत नेली. कोणी घोषणा केल्या नाहींत; फाटक्या कपड्यांतील माणसें केवळ श्रीमंतांच्या शेजारीं येऊन बसलीं. पुढें ईस्टव्हिल उद्यानांतील तळें खणण्याचें काम बेकारांना मिळालें. या लहानशा प्रसंगांत बेव्हिनची सारी पद्धति बीजरूपानें दिसते. गरिबीचें वर्णन करण्यापेक्षां ती समोर आणून बसविणें अधिक परिणामकारक, हें त्यास उपजतच कळत होतें. १९१० मध्यें गाडीवाल्यांची शाखा स्थापून तो गोदीकामगारांच्या संघांत शिरला आणि वर्षभरानें संघाचा पगारी अधिकारी झाला.

हीच पद्धति १९२० मध्यें साऱ्या इंग्लंडास दिसली. गोदीकामगारांनीं रोजीं किमान सोळा शिलिंग मजुरी मागितली होती. तिचा विचार करण्यासाठीं लॉर्ड शॉ यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-न्यायमंडळ बसलें. मालकांच्या बाजूनें नाणावलेले कायदेपंडित होते. कामगारांच्या बाजूनें अडतीस वर्षांचा, अकराव्या वर्षीं शाळा सोडलेला बेव्हिन. त्याचें प्रारंभींचें भाषणच तीन दिवस, एकूण अकरा तास चाललें. नंतर प्रोफेसर बाउली हे विख्यात संख्याशास्त्रज्ञ मालकांतर्फे पुढें आले व एवढ्या एवढ्या रकमेंत कामगाराच्या कुटुंबाचें पोषण होऊं शकतें, असें त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें. त्यावर बेव्हिन कॅनिंग टाउनच्या बाजारांत गेला, प्रोफेसरांच्या हिशेबांत बसेल तेवढेंच मांस, मासळी व पाव विकत घेतला, घरीं शिजविला, पांच माणसांच्या कुटुंबाचे वांटे करून ताटल्या न्यायमंडळापुढें मांडल्या, आणि एवढ्या अन्नावर माणसानें दिवसभर जहाजांतून जड पोतीं वाहावीं काय, असा सवाल केला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती अशी. मंडळानें सोळा शिलिंगांच्या बाजूनें निवाडा दिला. इतकेंच नव्हे, तर गोदीकामगारांची नोंदणी व्हावी व काम नसेल त्या दिवशींही त्यांच्या निर्वाहाची तरतूद असावी, अशी शिफारस केली. वर्तमानपत्रांनीं बेव्हिनला 'गोदीकामगारांचा बॅरिस्टर' ही पदवी दिली.

बुलक यांच्या पहिल्या खंडांतील हें प्रकरण सर्वोत्कृष्ट आहे. त्यांत मालकांचा युक्तिवाद, बाउलींची अडचण, मंडळाचा कल हें सर्व यथास्थित आलें आहे. आणि नायकाचा विजय सांगतांना प्रतिपक्षास मूर्ख ठरविण्याचा उथळपणा लेखकानें केलेला नाहीं. बाउली हे कामगारांचे वैरी नव्हते. त्यांचें शास्त्र प्रामाणिक होतें. त्यांच्या आंकड्यांत चूक नव्हती, चूक होती ती आंकड्यानें ताटाची जागा घ्यावी या समजुतींत. ही सूक्ष्मता इतिहासकाराची आहे, आणि तिच्यामुळेंच प्रसंगास खरी धार येते.

यानंतर बेव्हिनच्या कर्तृत्वाचा कळस येतो. चौदा निरनिराळे कामगारसंघ एकत्र करून १ जानेवारी १९२२ रोजीं त्यानें वाहतूक व सर्वसाधारण कामगारांचा महासंघ उभा केला. प्रत्येक जुन्या संघास स्वतःचा निधि, स्वतःचा चिटणीस, स्वतःचा अभिमान होता. विलीनीकरण म्हणजे अनेकांच्या खुर्च्या जाणें. बेव्हिननें एकीकडे प्रांतवार विभाग व दुसरीकडे धंदेवार गट अशी दुहेरी वीण घातली, जेणेंकरून गोदीकामगाराचे प्रश्न गोदीकामगारच ठरवितील, आणि तिजोरी व अंतिम सत्ता मात्र एक राहील. ही घटना किती कौशल्याची होती, हें बुलक यांनीं उत्तम दाखविलें आहे. संघाच्या घटनेसारखा रुक्ष विषय त्यांच्या हातीं एखाद्या किल्ल्याच्या बांधकामासारखा मनोवेधक झाला आहे. परंतु याच प्रकरणांत आमच्या शंकेस प्रारंभ होतो. १८८९ च्या प्रसिद्ध संपांत तासास सहा पेन्स मिळवून देणारा जुना पुढारी बेन टिलेट यास नव्या संघाचें अध्यक्षपद हवें होतें. तें हॅरी गॉस्लिंगकडे गेलें आणि टिलेटची बोळवण दुय्यम जागेवर झाली. बुलक यांचा अभिप्राय असा दिसतो कीं, टिलेटचे दिवस संपले होते व संघाचें हित हेंच मागत होतें. तें खरेंही असेल. परंतु ज्यानें झोपलेल्या गोदीला प्रथम जागें केलें त्या माणसास वाटणारी वेदना चरित्रकारानें एका परिच्छेदांत उरकावी, हें आम्हांस रुचलें नाहीं. टिलेटनें १९३१ मध्यें आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यापूर्वीं टॉम मॅन यानें १९२३ मध्यें आत्मचरित्र लिहिलें. त्या दोन्हीं पुस्तकांत बुलक यांच्यासारखी शिस्त नाहीं, पुराव्याची छाननी नाहीं; परंतु सभेंतील गर्दीचा श्वास त्यांत लागतो. बुलक यांच्या ग्रंथांत तो श्वास क्वचितच लागतो.

१९२६ च्या सार्वत्रिक संपाचें वर्णनही याच गुणदोषांनीं युक्त आहे. खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठीं ३ मेच्या मध्यरात्रीपासून सुरू झालेला हा संप १२ मे रोजीं कामगारसंघांच्या मध्यवर्ती मंडळानें मागें घेतला. संपाची घडी बसविण्यांत बेव्हिनचा हात मोठा होता. शेवटच्या भेटींत मुख्य प्रधान बाल्डविन यांच्याकडून, संपवाल्यांस परत कामावर घेतलें जाईल असें आश्वासन मिळविण्याची खटपट त्यानेंच केली. तें मिळालें नाहीं. खाणकामगार त्यानंतर कित्येक महिने एकटे लढले व हरले. बुलक सांगतात कीं, या पराभवानें बेव्हिन निराश न होतां शहाणा झाला: यापुढें रस्त्यावरील शक्तीपेक्षां वाटाघाटींच्या मेजावरील शक्ति त्यास अधिक भरंवशाची वाटूं लागली. हें निदान बरोबर आहे. १९२९ ते १९३१ या काळांत वित्त व उद्योग यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मॅक्मिलन समितींत केन्स यांच्यासारख्या अर्थपंडिताच्या मांडीला मांडी लावून तो बसला, आणि इंग्लंडच्या बँकेच्या गव्हर्नरास त्यानें सरळ प्रश्न केले. सुवर्णपरिमाणाच्या हट्टाची किंमत मजुरीकपातीनें कामगार देत आहे, हें त्यानें ओळखलें होतें. १९३१ मध्यें मॅक्डोनल्डनें पक्ष सोडला, तेव्हां मजूरपक्ष ज्यांनीं सांवरला त्यांत बेव्हिन प्रमुख होता. १९३५ मध्यें ब्रायटनच्या परिषदेंत शांततावादी पक्षनेते लॅन्सबरी यांच्यावर त्यानें जो घणाघात केला त्याची क्रूरता बुलक लपवीत नाहींत. मात्र हुकूमशाहीच्या वाढत्या संकटापुढें बेव्हिनचें धोरणच खरें होतें, हेंही ते स्पष्ट सांगतात. येथें आमचें व त्यांचें एकमत आहे.

मतभेद येतो तो दुसऱ्याच ठिकाणीं. बेव्हिन कामगारांना नेहमीं 'माझीं माणसें' म्हणे. बुलक यांनीं या शब्दांत वात्सल्य पाहिलें. आम्हांस त्यांत वात्सल्याबरोबर मालकीही दिसते. १९२३ च्या उन्हाळ्यांत राहणीखर्चाच्या आंकड्यांशीं निगडित करारानुसार गोदीकामगारांची मजुरी एक शिलिंगानें उतरली. करार बेव्हिननें केलेला. कामगारांनीं तो न मानतां संप केला. बेव्हिननें संपाला विरोध केला, आणि लंडनचे कांहीं कामगार संघाबाहेर पडून वेगळी चूल मांडते झाले. १९३७ च्या मे महिन्यांत, राज्यारोहणाच्या उत्सवकाळांत, लंडनच्या बसकामगारांनीं साडेसात तासांच्या दिवसासाठीं संप केला. गाड्यांचा वेग व वेळापत्रकाची ओढाताण यांमुळें पोटाचे विकार जडतात, ही त्यांची मुख्य तक्रार होती. चौकशी-मंडळापुढें त्यांची बाजू बेव्हिननेंच मांडली, व ती समर्थपणें मांडली. परंतु त्याच संघांतील ट्रामकामगारांना संपांत ओढण्यास मध्यवर्ती कार्यकारी मंडळानें नकार दिला. शेवटीं बसकामगारांच्या समितीचे अधिकार काढून घेऊन संप मिटविला, आणि तिच्या पुढाऱ्यांपैकीं कांहींना संघांतून काढून टाकलें.

बुलक यांचा कौल या दोन्हीं प्रसंगीं बेव्हिनकडे झुकतो, आणि त्यांचा युक्तिवाद हलका नाहीं. ते म्हणतात, संघाचा शब्द मालकानें मानावा असें वाटत असेल, तर तो शब्द संघाच्या सभासदांनींही मानला पाहिजे; ज्या संघाच्या करारास त्याचेच लोक धाब्यावर बसवितात त्याच्याशीं करार कोण करील? शिवाय बसकामगारांच्या चळवळींत साम्यवाद्यांचा पुढाकार होता, व बेव्हिनला तो संघाचा गळफांस वाटे. हें सर्व मान्य करूनही आम्ही विचारतों: १९२० मध्यें बेव्हिनचें बळ कशांत होतें? कामगाराच्या ताटांत. बाउलींचा आंकडा कितीही शास्त्रीय असो, ताट भरलेलें नाहीं, हें त्यानें दाखविलें. १९३७ मध्यें बसकामगार नेमकें तेंच सांगत होता: करार कितीही नेटका असो, आमचें पोट दुखतें. फरक एवढाच कीं, या वेळीं मेजाच्या पलीकडे मालकांच्या जोडीला आपलाच सरचिटणीस बसला आहे असें त्यास वाटलें. शिस्त हवी, हें खरें; परंतु शिस्तीचा उगम संमतींत असतो, आणि संमति ही एकदां दिली म्हणजे कायमची झाली, अशी वस्तु नव्हे. या प्रश्नाची झळ बुलक यांच्या पानांना लागत नाहीं. कारण उघड आहे. त्यांचा पुरावा प्रामुख्यानें संघाच्या कचेरींतील कागदपत्रांचा आहे, आणि कचेरीच्या इतिवृत्तांत बंडखोर नेहमीं 'अडचण' म्हणूनच नोंदला जातो. साधनांनीं दृष्टीस वळण लावलें. दृष्टीनें साधनांची झडती घेतली नाहीं.

पुढील खंडांत याच स्वभावाचा विस्तार दिसतो. १९४० च्या मे महिन्यांत चर्चिलनें बेव्हिनला मजूरमंत्री केलें. जुलैमध्यें १३०५ क्रमांकाचा हुकूम निघाला; लवादाची वाट चोखाळल्याविना संप करणें गुन्हा ठरलें. हुकमास मालक व कामगारसंघ या दोहोंची संमति होती, आणि राष्ट्र जीवनमरणाच्या प्रसंगांत होतें, हें विसरून चालणार नाहीं. त्याच मंत्र्यानें युद्धाच्या निमित्तानें गोदीकामगारांचा रोजंदारीचा बाजार मोडला, उपाहारगृहांतील नोकरांच्या मजुरीला १९४३ मध्यें कायद्याचें संरक्षण दिलें, व कामगारास राज्याच्या मसलतींत जागा मिळवून दिली. परंतु १९४२ च्या प्रारंभीं केंट परगण्यांतील बेट्सहँगर खाणींत संप झाला तेव्हां एक हजारावर कामगारांवर खटले भरण्यांत आले व संघाचे तिघे अधिकारी तुरुंगांत गेले. अखेर सरकारलाच त्यांना सोडावें लागलें. हुकूम युद्धानंतरही टिकला. त्याच हुकमाखालीं १९५१ च्या फेब्रुवारींत सात गोदीकामगारांना पकडलें. बेव्हिन एप्रिलमध्यें वारला, आणि ऑगस्टमध्यें हुकूम रद्द झाला. ज्या धंद्याच्या माणसांनीं त्याला मोठें केलें त्यांच्याच हातांत त्याच्या हुकमाची बेडी पडावी, यांतील विषाद चरित्रकारानें थोडा तरी मनावर घेतला असता, तर ग्रंथ अधिक खोल झाला असता.

हिंदी वाचकास या चरित्रांत एक विशेष धागा सांपडतो. १९४१ पासून बेव्हिनच्या योजनेनुसार हिंदुस्थानांतील तरुण कामगारांच्या तुकड्या यंत्रविद्या शिकण्यासाठीं इंग्लंडास नेण्यांत आल्या. त्यांना नुसतें यंत्र नव्हे, तर इंग्रज कामगाराचें राहणीमान व संघटनेची रीतही पाहावयास मिळावी, असा त्याचा हेतु होता. हा हेतु उदार खराच. परंतु १९४७ च्या जानेवारींत, हिंदुस्थान सोडण्याची तारीख जाहीर करण्याच्या विचारास त्याच बेव्हिननें ॲटलींना पत्र लिहून विरोध केला. ॲटलींनीं तो मानला नाहीं व फेब्रुवारींत तारीख जाहीर केली. आमच्या मतें या दोन गोष्टींत विसंगति नाहीं. दुसऱ्यास शिकवावें, खाऊं घालावें, त्याच्यासाठीं जिवापाड भांडावें, हें सर्व बेव्हिनला येत होतें. हातचें सोडून देणें मात्र त्याच्या स्वभावांत नव्हतें. बसकामगाराच्या बाबतींत जें दिसलें तेंच येथें मोठ्या पडद्यावर दिसतें.

इतकें लिहून झाल्यावर कोणीं असा समज करून घेऊं नये कीं, आम्ही बेव्हिनला लहान लेखतों किंवा बुलक यांच्या परिश्रमास कमी मानतों. एका पोरक्या गाडीवाल्यानें लक्षावधि असंघटित मजुरांना एका छत्राखालीं आणावें, आणि राज्यकर्त्यांना त्यांच्या बरोबरीनें बसून बोलण्यास भाग पाडावें, ही विसाव्या शतकांतील युरोपच्या इतिहासांतील थोर घटनांपैकीं एक आहे. तिची इतकी भरभक्कम हकीकत दुसऱ्या कोणीं लिहिलेली नाहीं. बुलक यांची भाषा स्वच्छ आहे, निवाडे बहुधा न्याय्य आहेत, आणि शेंकडों पानांत एकदांही ते आपल्या विद्वत्तेचें ओझें वाचकाच्या डोक्यावर ठेवीत नाहींत.

तरीही चरित्र मिटल्यावर आमच्या मनांत राहतें तें असें. शॉ मंडळानें १९२० मध्यें सुचविलेली नोंदणी व निर्वाहाची तरतूद गोदीकामगारास कायद्यानें पूर्णपणें मिळाली ती १९४७ मध्यें, आणि १९८९ मध्यें ती योजना सरकारनें मोडूनही टाकली. बेव्हिनचा महासंघ २००७ मध्यें दुसऱ्या एका संघाशीं एकरूप होऊन नव्या नांवाखालीं गेला. इमारती, करार, कायदे हीं सारीं काळाच्या ओघांत बदलतात. टिकतो तो एक प्रश्न: ज्यांच्या वतीनें बोलावयाचें त्यांना बोलूं केव्हां द्यावें? बेव्हिननें पहिलें काम जितक्या सामर्थ्यानें केलें तितक्या उदारपणें दुसरें केलें नाहीं. आणि त्याच्या चरित्रकारानें पहिल्याचें मोल अचूक केलें, दुसऱ्याचा हिशेब मात्र कोरा ठेवला. तो हिशेब मांडण्यासाठीं संघाच्या कचेरीऐवजीं गोदीच्या दरवाजापासून प्रारंभ करणारा एखादा नवा चरित्रकार पुढें यावा, अशी आमची इच्छा आहे. त्यालाही बुलक यांचे तीन खंड उशाशीं घेऊनच बसावें लागेल, यांत मात्र आम्हांस तिळमात्र संशय नाहीं.